शब्दकोशाच्या चार हजार प्रती

थोरलीने एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. जुन्या प्रतीवर हात चालवायचा नाही, ही तिथली सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. सुतारकामाच्या शब्दांचा कोश ती बारा वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर करत होती. रोज सकाळी कालच्या फाइलची प्रत काढायची, तिला आजची तारीख द्यायची आणि मगच कामाला लागायचं. फाइलीत हत्यारांचे फोटोही होते. कोश पुढच्या महिन्यात छपाईला जायचा होता, आणि नेमके आताच कॉम्प्युटरने जागा संपल्याचं सांगून हात वर केले.

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून दुकानात नेताना धाकटी बहीण सोबत होती. शाळेच्या ऑफिसात हयात घालवल्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असा तिचा पक्का समज. थोरलीला मोठ्यात मोठी हार्ड डिस्क हवी होती.

"आधी रॅम वाढव," धाकटी म्हणाली. "तुझा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझा चहा होऊन भांडी घासून होतात."

"माझ्या कामाची कदर तुला कधी होती?"

"रोज संध्याकाळी येऊन तुझं रंधापुराण ऐकते की. अजून काय करू?"

ते खरं होतं. थोरली दिवसभराचे शब्द अर्थासकट मोठ्याने वाचायची आणि धाकटी भाजी निवडत जांभया द्यायची.

दुकानदाराने डबा उघडून डिस्क जोडून पाहिली. "मावशी, डिस्क काही लहान नाही. तुम्ही एकच पुस्तक चार हजार वेळा ठेवलंय."

धाकटी पोट धरून हसली. दुकानदार मात्र डिस्कला कान लावून बसला. "ऐका, कटकट येतेय. हिचे दिवस भरलेत. दुसरीकडे प्रत आहे ना?"

"चार हजार आहेत की."

"सगळ्या हिच्यातच?"

थोरलीला आपली चूक कळली. छापखान्यात प्रती वेगवेगळ्या कपाटांत असायच्या. घरी तिने सगळ्या एकाच कपाटात कोंबल्या होत्या, आणि कपाटालाच वाळवी लागली होती.

निघेल तेवढं नव्या ड्राइव्हवर उतरवायला तीन तास गेले. दोघी स्टुलावर बसून होत्या. मग दुकानदाराने शेवटची फाइल उघडून पाहिली. उघडेना. तिच्या आदल्या दिवशीचीही उघडेना. तो एकेक दिवस मागे जात राहिला आणि तेराव्या फाइलीला पानं दिसली.

"एकच फाइल असती तर सगळंच गेलं असतं," तो म्हणाला. "सवयीनं वाचवलं तुम्हाला."

पण बारा दिवसांचं काम गेलं होतं, 'प'चं निम्मं. ते अर्थ सांगणारे म्हातारे सुतार गेल्या आठवड्यापासून आजारी होते आणि आता कुणाला ओळखत नव्हते. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. परत विचारायचं तरी कुणाला?

"पकड," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली. "मग पटाशी. तिचे तू तीन प्रकार वाचलेस, मधला कुसवाची, म्हणजे सांध्याची भोकं पाडायचा. मग पाचर. ती ओली ठोकायची नाही, वाळली की सैल होते, असं म्हातारबुवांनी तुला दोनदा बजावलं. लिहून घे, नाहीतर मीही विसरेन."

दुकानदाराने न मागताच कागद पुढे केला. थोरली लिहीत गेली. एका शब्दापाशी धाकटी अडली, पण मागे जाऊन पुन्हा म्हणत आली तेव्हा तोही आठवला.

"तू ऐकत होतीस?"

"कान काय घरी ठेवून येत होते?"

शेवटी ठरलं ते असं: कामापुरती रॅम, आणि मोठ्या डिस्कऐवजी दोन मध्यम ड्राइव्ह. एक थोरलीच्या कॉम्प्युटरमध्ये, दुसरी सुटी. ती सुटी थोरलीने बहिणीच्या हातात दिली.

"तुझ्या घरी, तुझ्या कपाटात ठेव."

धाकटीने ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. "रोज संध्याकाळी घेऊन येईन. शब्द वाचून झाले की त्या दिवसाची प्रत हिच्यात भरून देत जा. पण आधी वाचायचे."