धरणापेक्षा शांत नवरदेव

बीडला मी इंग्रजीचे क्लास घेतो. नुसतं 'चांगला' लिहिलं तर कुणी ढुंकून बघत नाही, कशापेक्षा तरी चांगला लिहावं लागतं, असं मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. माझा भाचा युवराज पालीला शेती करतो. शेतकरी मुलगा नको म्हणून तीन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा मी चिडलो आणि त्याचा बायोडाटा स्वतः इंग्रजीत लिहिला. बैलापेक्षा ताकदवान, बिंदुसरा धरणापेक्षा शांत, सूर्याच्याही आधी उठणारा. लिहून झाल्यावर मला माझाच हेवा वाटला. युवराजला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण कागद भरलेला बघून तो खूश झाला.

चौथं ठिकाण घाटनांदूरचं, अर्जुनरावांची रोहिणी. ती इंग्रजी घेऊन एम.ए. झालीय, हे मला तिथं पोहे खाताना कळलं. तिनं बायोडाटा हातात घेतला.

"सर, मराठीत वाचू का? सगळ्यांना कळंल," ती म्हणाली. नको कसं म्हणणार?

"सूर्याच्या आधी उठता?"

"न्हाई," युवराज म्हणाला. "आज मामानं तोंडावर पाणी मारलं तवा उठलो."

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय बाजूला घेतला.

"धरणापेक्षा शांत?"

"लाइट गेली की मोटरीला लई शिव्या देतो."

"आणि बैलापेक्षा ताकद?"

"ते बैलाला इचारा."

अर्जुनराव पदर नसल्यामुळं उपरण्यात तोंड लपवून हसत होते. रोहिणी मात्र हसली नाही. तिनं कागदाची घडी घातली.

"मग ह्यात खरं काय हाय?"

हेही ठिकाण गेलं, असं वाटून मी पोह्यांची बशी खाली ठेवली. युवराज सतरंजीकडं बघत बोलला.

"ह्यात काईच न्हाई. पण तुमचं शिक्षण माझ्यापेक्षा लई जास्त हाय. लोक मला चिडवतील. चिडवू द्या. मला त्याची लाज वाटणार न्हाई."

मग रोहिणी माझ्याकडं वळली.

"हे कावून न्हाई लिहिलं, मामा?"

आत्तापर्यंत मी तिचा सर होतो. अर्जुनरावांनी आत आवाज देऊन साखर मागवली.