केळीखाली पुरलेला ठोकळा

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुने रिपोर्ट होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, हर्षालीचं लसीकरणाचं कार्डही होतं. ठोकळा तेवढा नव्हता. नेहानं डबा पलंगावर उपडा केला, एकेक कागद झटकून पाहिला, मग कपाटाच्या खालच्या खणात हात घालून कोपरे चाचपले. तीन वर्षांची हर्षाली शेजारी उभी राहून आईचं बघून बघून आपल्या फ्रॉकचीही घडी झटकत होती.

ठोकळा म्हणजे आगपेटीहून लहान अशी प्लास्टिकची चौकट, तिच्यात ओतलेलं पांढरं मेण, आणि मेणात तिच्या सासऱ्यांच्या, देवजींच्या, आतड्यातल्या गाठीचा नखाएवढा तुकडा. दोन हजार सातला कल्याणला ऑपरेशन झालं तेव्हाचा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून तो मागून घेतला होता आणि मग घरीच राहिला. आता दोन हजार नऊचा सप्टेंबर चालू होता. यकृतावर नव्या गाठी आल्या होत्या. पहिलं औषध आठ महिने चाललं आणि थांबलं, दुसरं तर चार महिन्यांतच थकलं. मुंबईच्या डॉक्टरांनी मंगळवारी सांगितलं होतं की आणखी एक नवं औषध आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. आधी जुन्या तुकड्यातलं एक जनुक तपासायचं, मगच ठरवायचं. सोमवारी ठोकळा घेऊन या.

परत येताना एसटीत नेहानं ते बाबांना, म्हणजे देवजींना, समजावून सांगितलं होतं. सायन्सची पदवीधर सून म्हणून घरात हे काम तिचंच. पेशीच्या अंगावर एक बटण असतं, ते दाबलं गेलं की पेशी वाढते. नवं औषध ते बटण झाकून टाकतं. पण काहींच्या गाठीत आतला स्विचच चालू राहून चिकटलेला असतो.

"आपल्या पंपाच्या स्टार्टरचे पॉइंट चिकटलेले तसं," देवजी म्हणाले होते. "बंद कर, नायतर नको करू. पंप आपला चालूच."

बाबांना एवढ्यात कळलं याचं तिला कौतुक वाटलं होतं, आणि भीतीही. कारण स्विच चिकटलेला निघाला तर तो का चिकटला, हा प्रश्न तेही कधीतरी विचारतील. उत्तर तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

गेल्या वर्षी जुलैत ती माहेरी शहापूरला गेली होती. तिथं हर्षालीला ताप चढला, डोळे फिरले, मूठ वळली. नेहानं घाबरून नवऱ्याला, मितेशला, फोन केला आणि तो भाताची लावणी टाकून शहापूरला धावला. बाबांना गाठीवरच्या औषधाच्या सलाईनसाठी कल्याणला न्यायचं होतं ते त्याच बुधवारी. मग पोरीचा दवाखाना, मग लावणी, असं होत होत ते सलाईन सतरा दिवस पुढे गेलं. त्यानंतरच्या तपासणीत गाठी वाढलेल्या निघाल्या. घरात तिला कोणी बोललं नाही. सासूबाई, अंबूबाई, शेजारणीला एकदाच म्हणाल्या होत्या की त्या वेळेला खाडा पडला ना. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. नेहा मात्र वर्ष सरलं तरी ते जुनं कॅलेंडर भिंतीवरून उतरवू शकली नव्हती; त्यातल्या जुलैच्या पानावर तो बुधवार होता. टीबीचं औषध मधेच सोडलं की रोग माजतो, हे तिनं स्वतः वस्तीवरच्या बायकांना समजावून सांगितलेलं होतं.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. अंबूबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"मेणाचं काय होतं ते? ते मी मातीला दिलं."

नेहानं पुन्हा पुन्हा विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या दिवाळीला साफसफाई करताना सासूबाईंनी विचारलं होतं, हे काय गो, आणि नेहानंच कामाच्या गडबडीत सांगितलं होतं की बाबांच्या गाठीचा तुकडा आहे. जित्या माणसाचं मांस कपाटात, पोरीच्या झबल्यांशेजारी. अंबूबाईंना ते आठ दिवस झोपू देईना. माणसाच्या अंगातून जे निघतं ते मातीला द्यायचं, हा या घराचा रिवाज. न्हाणीच्या पाठीमागे केळीच्या बुडाशी देवजींची नाळ त्यांच्या आईनं पुरली होती, मितेशची अंबूबाईंनी, हर्षालीची वाळून पडलेली नाळही तिथंच. मग त्यांनी एका पणतीत ठोकळा ठेवला, वर दुसरी पणती झाकली, आणि पुरला.

"ज्याचं त्याच्याजवळ ठेवलं," त्या म्हणाल्या. "मी काय टाकलं नाय."

मितेश कपाळाला हात लावून पायरीवर बसला. देवजींनीच कुदळ मागितली, पण त्यांच्या हाताला आता कुदळ पेलत नव्हती, तेव्हा अंबूबाईंनी ती त्यांच्या हातून काढून घेतली. जागा त्यांनाच ठाऊक होती. मोठ्या केळीपासून एक वीत, न्हाणीच्या दगडाकडे. माती भिजलेली होती. नेहा गुडघ्यांवर बसून बोटांनी उकरत राहिली, कुदळ लागून फुटायला नको म्हणून. देवजी काठीवर रेलून वरून बघत होते.

"नाळ आईनं पुरली, गाठ बायकोनं पुरली," ते म्हणाले. "आता उरलेल्या माझं काय ते मितेशनं बघायचं."

"गप ऱ्हावा," अंबूबाई म्हणाल्या, पण त्यांनाच हसू आलं.

पणती निघाली. चौकटीवरचा नंबर फिकट झाला होता, मेण पिवळट पडलं होतं, एका कोपऱ्याला मुंगीनं कुरतडल्यासारखं दिसत होतं. पण तुकडा आत जसाच्या तसा होता. सोमवारी मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी ठोकळा उजेडाकडे धरला आणि हा मातीत होता का, असं विचारलं. नेहानं खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, मेण पाणी आत शिरू देत नाही, बघू या.

अठरा दिवसांनी रिपोर्ट आला. स्विच चिकटलेला होता. नवं औषध बाबांना लागू पडणार नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत नेहा एकटीच होती. बाबांना प्रवास झेपेना म्हणून मितेश घरी थांबला होता. तिनं रिपोर्टाची घडी घातली, उघडली, आणि शेवटी विचारून टाकलं की मधलं एक सलाईन सतरा दिवस उशिरा झालं, त्यानं हे झालं का.

डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्या हातून घेतला. "हा तुकडा कधीचा आहे?"

ऑपरेशनच्या वेळचा, ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. ऑपरेशन पहिल्या सलाईनच्याही आधी झालं होतं. त्या मेणात ना औषध होतं, ना खाडा. स्विच तेव्हाच चिकटलेला होता.

पहिल्या दोन औषधांचं आपण नक्की सांगू शकत नाही, डॉक्टर म्हणाले. काही पेशी औषध बाहेर फेकतात, काही झालेलं नुकसान दुरुस्त करून घेतात. पण गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि न मरणाऱ्या थोड्या बहुतेक वेळा आधीपासूनच असतात. औषध बाकीच्यांना मारतं, मग यांना रान मोकळं मिळतं. सतरा दिवसांच्या उशिरानं हे घडत नाही.

कॉलेजात ती हेच शिकली होती. जिवाणूंच्या एका ताटलीवर मखमल टेकवायची, तिचा ठसा औषध घातलेल्या ताटलीवर उठवायचा, आणि पाहायचं की तगणारे जिवाणू औषध दिसण्याआधीच तिथं होते. परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. घरातल्या माणसाच्या बाबतीत ते एकदाही आठवलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि देवजी बांधावर बसले होते. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. तिनं बांधावरच बसून सगळं सांगितलं, औषध नाही हेसुद्धा. आणि मग, ते विचारायच्या आधीच, तो बुधवारही सांगितला.

देवजींनी खाली वाकून भातातलं एक ताट उपटलं. त्याच्या लोंबीला लांब तांबडी कुसळं होती.

"हा रानभात," ते म्हणाले. "दोनदा बेणणी केली. सगळं तण काढलं. हा नाय निघाला, कारण निसवेपर्यंत हा भातासारखाच दिसतो. आता तण गेलं म्हणून मोकळा वाढला. बेणणी दोन आठवडे लवकर केली असती तरी हा ऱ्हायलाच असता. बियाण्यातच आलेला तो."

नेहानं हात लांब करून ती तांबडी कुसळं चाचपली.

"पोरीला झटके येत होते. मितेशला बोलवायचं नाय तर कुणाला?" त्यांनी ते ताट बांधावर टाकलं. "मीच त्याला बोललो होतो, जा म्हणून. तुला नाय सांगितलं कुणी?"

कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं जुनं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. प्रयोगशाळेनं ठोकळा परत दिला होता, थोडा झिजलेला. अंबूबाईंनी तो पुन्हा पुरायला मागितला तेव्हा नेहा पहिल्यांदाच नाही म्हणाली. उद्या आणखी एखादी तपासणी निघेल, म्हणाली, बाबांसाठी नसली तरी मितेशसाठी, हा आजार रक्तातून उतरतो का ते बघायला. सासूबाईंनी बराच विचार केला. मग त्यांनी ठोकळा डब्यात घालून झाकणावर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली आणि डबा स्वतः कपाटात ठेवला, हर्षालीची झबली दुसऱ्या खणात हलवून.