समोरच्यांचा उजवा हात

“उजवा हात वर!” रेडिओवरचा माणूस म्हणाला आणि कुरामोचीसाननी डावा हात वर केला.

बाकावरून ओगुशीसान ओरडले, “अरे कुरा, एकेचाळीस वर्षं झाली! अजून डावं-उजवं कळेना होय रे तुला?”

“समोरच्यांना कळतंय ना? झालं तर मग,” हात तसाच ठेवून कुरामोचीसान म्हणाले.

समोरचे म्हणजे माझी मुलगी, सहा वर्षांची सुझुनो. आरशात बघावे तशी ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा उजवा हात अगदी बरोबर वर गेला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी साडेसहाला देवळाच्या मैदानात रेडिओचा व्यायाम, आणि व्यायाम संपला की गळ्यातल्या कार्डावर त्या तारखेच्या चौकटीत लाल शिक्का. माझा नवरा तेप्पेईसुद्धा लहानपणी याच मैदानात याच शिक्क्यासाठी धावत यायचा. तेव्हा पोरांच्या सहा रांगा लागत, म्हणतो. या वर्षी सुझुनो एकटी होती. तरी कुरामोचीसान रोज लवकर येऊन चुन्याच्या भुकटीने अठ्ठेचाळीस ठिपके काढत. सहा रांगा, प्रत्येकीत आठ. सुझुनो रोज वेगळ्या ठिपक्यावर उभी राही. “नाहीतर बाकीच्यांना वाईट वाटेल,” म्हणायची. बाकीच्या ठिपक्यांना.

एक गोष्ट मी कुरामोचीसानना सांगितली नव्हती. एकवीस ऑगस्टला आम्ही गाव सोडून जाणार होतो.

मार्चमध्ये सुझुनोला दम लागला तेव्हा गावातला मुलांचा दवाखाना बंद होऊन वर्ष उलटले होते. शहरातल्या रुग्णालयापर्यंत सत्तर मिनिटे. मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन मी तिचे ओठ बघत होते. निळे पडतायत, की बोगद्यातल्या दिव्यांचा रंग आहे? तेव्हापासून ती जिना चढून आली तरी माझे कान तिच्या छातीकडे असतात. तेप्पेईने बदली मागून घेतली, घर ठरले, खोकी भरायला लागली. रोज सकाळी मी ठरवून जायची, आज सांगायचे. आणि रोज बाकावर त्या दोघा म्हाताऱ्यांचा वाद सुरू व्हायचा.

त्या दिवशीही शिक्का मारून झाल्यावर ते बाकावर सातूचा गार चहा घेत बसले. सुझुनो झाडांवर किरकिरणाऱ्या सिकाडा किड्यांची गळालेली टरफले गोळा करत होती.

“आपले दिवस गेले, कुरा. मान्य कर,” ओगुशीसान म्हणाले. ते गावचे न्हावी. बोलायची सवय हाताबरोबरच लागलेली. “तुमच्या कारखान्याचा टीव्ही कुठल्या कुठल्या देशांत जात होता! आणि आज माझ्या दुकानात आहे तो कुठून आलाय? बाहेरून. कारखान्याच्या जागी काय आहे? गवत. या देशानं जे काय करायचं ते करून झालंय. आता नुसता कात्री म्यानात ठेवायचा कार्यक्रम.”

“तुझ्याकडे गिऱ्हाईक नाही म्हणून देश संपला होय?”

“गिऱ्हाईक आहेत रे, केस नाहीत त्यांना!”

दोघे हसले. मग कुरामोचीसान पेल्यात बघत म्हणाले, “अडतीस वर्षं मी त्या टीव्हीच्या काचा तपासल्या, ओगुशी. तू म्हणतोस ते सोन्याचे दिवस. मी घरातून निघायचो तेव्हा माझा सेइगो झोपलेला. परत यायचो तेव्हाही झोपलेला. पोरगा केवढा झालाय हे मला त्याच्या पांघरुणावरून कळायचं. फक्त उन्हाळ्यात ही दहा मिनिटं त्याला जागेपणी बघायला मिळायचं. म्हणून घेतला मी हा शिक्का हातात. चांगले दिवस मागं होते म्हणतोस, पण मी होतो ना तिथं. मला तर दिसले नाहीत.”

“मग पुढं दिसतायत तुला?”

“ही बघ की,” कुरामोचीसान सुझुनोकडे हनुवटी करून म्हणाले. “पुढच्या वर्षी दुसरीत जाईल. मग तिसरीत. एक पोर येतंय तोवर संपलं म्हणायचं नाही. ठिपके आहेत म्हणजे जागा आहे.”

माझ्या हातातला पेला ओला झाला होता. मी तो रुमालाने पुसला, मग परत पुसला. आता सांगायचे म्हणजे ओगुशीसानच्या बाजूने साक्ष द्यायची. अठरा तारीख अशी गेली. एकोणीसही.

वीस तारखेला शिक्का उमटला आणि सुझुनोने कार्ड मागे घेतले नाही.

“आजोबा, पुढचे अकराही आजच मारून द्या ना. उद्या आम्ही जाणार. आईने सगळे कप कागदात बांधलेत.”

सिकाडांचा आवाज एकदम मोठा वाटला. मी माफीसाठी कमरेतून वाकले, वाकूनच राहिले. “कुरामोचीसान, माझंच चुकलं. कधीच सांगायला हवं होतं. हिच्या छातीचं… इथं डॉक्टर नाहीत…”

“अगं, उठ, उठ,” ते म्हणाले. “पोरीला श्वास नीट येऊ दे. तेवढं बघ. बाकीचं राहू दे.”

मी ओगुशीसानकडे पाहिले. ते जिंकले होते. ते टोपी काढून तिच्या आतली शिवण तपासत होते. “आज ऊन लवकर चढलं,” एवढेच म्हणाले.

“शिक्के, आजोबा,” सुझुनो म्हणाली.

कुरामोचीसाननी शिक्का शाईवर दाबला. एकवीसच्या कोऱ्या चौकटीवर तो क्षणभर थांबला. मग त्यांनी तो पुसून डबीत ठेवला.

“जो दिवस उगवलाच नाही त्याच्यावर शिक्का मारत नसतात, बाळ. तिथं मैदान आहे का?”

“आहे. मोठं!” ती म्हणाली. “आईने फोटो दाखवला. खूप मुलं आहेत.”

“मग तिथलं कुणीतरी मारेल. कार्ड हरवू नकोस.” आणि माझ्याकडे न बघता, “गर्दीत मागं उभी राहू देऊ नकोस हिला. पुढचं नीट दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघालो. सुझुनो मागच्या सीटवर कार्ड गळ्यात घालून तयार बसली होती, पण कोपरा वळेपर्यंत तिची मान कलली. देवळापाशी आलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. तेप्पेईने काही न विचारता गाडी हळू केली.

“उठवू?” तो म्हणाला.

मी तिच्याकडे पाहिले. सवयीने आधी छातीकडे. श्वास संथ चालला होता. चार दिवसांच्या बांधाबांधीत तिची झोप झाली नव्हती. “झोपू दे,” मी म्हणाले. ते बरोबर होते की नाही, मला अजून कळलेले नाही.

काच खाली केली. बाक रिकामा होता. ओगुशीसान आले नव्हते. मैदानावर अठ्ठेचाळीस ठिपके ताजे, पांढरे. कुरामोचीसान नेहमीच्या जागी, रिकाम्या रांगांकडे तोंड करून उभे होते.

“उजवा हात वर!” रेडिओ म्हणाला.

आता तरी, मला वाटले, उजवा करतील. चुकायला समोर कुणी नव्हतेच.

त्यांनी डावा हात वर केला.