होडीच्या गल्लीतली चिडलेली होडी

मित्रांनो, मी होडी आहे, जुनी आहे आणि या घटकेला भयंकर चिडलेली आहे. होडीला राग येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं मराठवाड्यात, मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागं, आमच्या गल्लीत यावं आणि माझ्या डाव्या कुशीला हात लावून पाहावा. चटका बसेल. ऊन आहे म्हणून नव्हे.

मुकुंदवाडीत होडी कुठून आली, हे तुमच्या ओठांवर आलंच असेल. इथून समुद्र एका दिवस-रात्रीच्या ट्रकप्रवासाइतका लांब आहे. गल्लीतल्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. अशा ठिकाणी होडीनं काय करावं? सांगते. बसा.

माझा जन्म कोकणातल्या एका चिमुकल्या बंदरावर, वीस-बावीस घरांच्या कोळीवाडीत झाला. अंगाला सागाच्या फळ्या, आत ऐनाच्या वाकड्या फासळ्या. दोन फळ्यांमधल्या फटीत सुतारानं कापसाच्या वाती ठोकून बसवल्या आणि वरून राळ-तेलाचा लेप दिला. तो कापूस मराठवाड्यातला होता म्हणे, म्हणजे माझं अर्धं आजोळ इकडचंच. कापूसच का, ठाऊक आहे? लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आक्रसतं. फटीत जो बसेल त्याला लाकडाबरोबर मागंपुढं सरकता आलं पाहिजे. कापसाला ते जमतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं मी ज्यावरून ओरडणार आहे ते हेच.

तीस वर्षं मी समुद्रात राबले. एकदा वादळात मी एवढी उंच उडाले, की खाली येईपर्यंत जाळ्यातली मासळी वाळून सुकट झाली होती. एका देवमाशाशी शर्यत लावली आणि त्याला हरवून वर दोन शब्द सुनावलेही. खोटं वाटतं? देवमाशाला विचारा.

वाडीचा माझ्यावर जीव होता. पावसाळ्याच्या तोंडावर मला वर ओढायचं असे, तेव्हा घरटी एक माणूस दोराला हात लावायला येई. ज्या दोन घरांचं वैर होतं तीही येत, एकमेकांकडं पाठ करून एकाच दोराला लागत. उन्हाळ्यात चार दिवस वाळूवर पडून राहिले, तर येताजाता कुणीतरी माझ्या पोटात घागरभर खारं पाणी ओतून जाई. कुणी ओतलं याची चर्चा होत नसे. होडी वाळता कामा नये, हे त्या वाडीत रांगतं पोरही जाणत होतं.

मग फायबरच्या होड्या आल्या. हलक्या, गुळगुळीत, कापूस नको, राळ नको. मला माडाखाली ठेवलं. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. देवमाशाला हरवलेली मी, खुडूक कोंबडीचं बूड सांभाळत बसले!

तिथं मला कडूबानं पाहिलं. कडूबा मुकुंदवाडीचा ट्रक ड्रायव्हर. कांदे उतरवून रिकामा परत निघाला होता. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गल्लीच्या गणपतीला समुद्राचा देखावा करायचं ठरलं होतं, आणि त्याला पुठ्ठ्याची होडी नको होती. दोन पोती ज्वारी देऊन त्यानं मला ट्रकवर चढवलं. घाटात पंचवीस माकडं माझ्यात बसली आणि घाटमाथ्यावर एकेक करून उतरून गेली. एकानंही कडूबाला राम राम केला नाही.

देखाव्याला पहिला नंबर मिळाला. त्या दिवसापासून ‘गल्ली नंबर सात’ हे नाव कुणी घेतलं नाही. क्रांती चौकात रिक्षावाल्याला ‘होडीच्या गल्लीत चल’ म्हटलं की तो मान डोलवू लागला. गारखेड्याहून आलेला एक पाहुणा मला बघून हसला, तेव्हा कडूबानं त्याला गल्लीतच अडवलं.

“होडी हाय, मग समुद्र कुठाय, काका?” पाहुणा म्हणाला.

“येईल की! होडी म्होरं आली, समुद्र मागून निघालाय. टँकरवाल्यांनी वाटंत आडवला असंल.”

सोळा घरांची गल्ली, पण मिजास बंदराची. मला कुणी नुसतं ‘लाकूड’ म्हटलं तरी भांडण होई. मी खूश होते, का नसावं? पण मित्रांनो, मिरवणं आणि जपणं यांत किती अंतर आहे हे मला तिथंच कळलं. दर गणपतीला माझ्या अंगावर नवा ऑइलपेंट. माळा लावायला खिळे, झेंड्याला खिळे, मंडळाच्या आधारस्तंभांच्या फोटोला खिळे. बारा वर्षांत बारा थर रंग आणि शेकडो खिळे! पण ज्याच्यावाचून मी जगत नाही, ते भांडंभर पाणी माझ्या पोटात ओतायचं एकालाही सुचलं नाही. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात माझ्या फळ्या एकमेकींपासून सरकू लागल्या. दुपारी गल्ली झोपली की मी ‘चर्र’ करून ओरडत असे. लोकांना वाटे, कुणाचं तरी दार वाजलं.

हे ऐकलं एकटीनं. सरूबाईनं. साऱ्या गल्लीची सरूमावशी. साठी ओलांडलेली, पैठणकडच्या खेड्यातून मुलाच्या नोकरीमागं शहरात आलेली बाई. एका दुपारी ती माझ्याजवळ आली, फटीतून बोट फिरवलं, ते बोट जिभेला लावलं आणि थुंकली.

“खारट हायेस गं बया,” म्हणाली. “आन् लई वाळलीस.”

त्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, हंड्याच्या तळाचं गढूळ पाणी, सगळं ती माझ्या पोटात आणून ओतू लागली. वर मूठभर खडेमीठ. घरातला एक थेंबही मोरीत जाऊ देत नव्हती. महिनाभरात माझ्या फळ्या पुन्हा एकमेकींना भिडल्या. मला पुन्हा समुद्राचं स्वप्न पडलं. त्यात तो देवमासा माफी मागत होता.

आणि मग यंदाच्या चैत्रात ‘सुंदर गल्ली स्पर्धा’ आली.

गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष विश्वजीत. वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, हातात सतत मोबाईल. पोरगा वाईट नाही. पण त्याला गल्लीपेक्षा गल्लीचा फोटो जास्त आवडतो. त्यानं माझ्यात वाकून पाहिलं आणि नाक धरलं.

“मावशी, हे घाण पाणी कामून ओतायलीस हिच्यात? परीक्षक येणारेत!”

“घाण नाय रे, तांदळाचं हाय. तिला लागतंय ते.”

“होडीला काय लागतंय? ती काय म्हैस हाय का, आंबोण घालायला?”

पोरं खदखदा हसली. सरूबाई एकटी पडली. पाणी बंद झालं. पंधरा दिवसांत फटी पुन्हा उघडल्या, पहिल्याहून रुंद. आता विश्वजीतलाच त्या फटी टोचू लागल्या.

इथं ती चूक झाली, मित्रांनो. आणि ती केली कुणी? कडूबानं! ज्यानं मला घाट चढवून आणलं त्यानं! आता ट्रक सोडून तो घरीच असतो. हातात थापी आणि घमेल्यात सिमेंट कालवून तो आला, तेही किती मायेनं!

“घराला भेग पडली की शिमिट भरतो का नाय आपण? हिलाबी भरू. पिढ्यान् पिढ्या टिकंल.”

सरूबाई दारातून ओरडली, “भाऊ, ती काय हौद हाय का? लाकूड हाय त्ये! हालतंय, डुलतंय!”

“तू गप बस, सरू. म्या तिला आणलीय.”

आणलीय! मी किंचाळले. माझ्या अंगात जिथं कापूस हवा तिथं दगड भरत होते, आणि वरून थोपटत होते. फटी लिंपून झाल्यावर निळा चकचकीत रंग मारला. लोक म्हणाले, “नवरीवाणी दिसायली.” प्लॅस्टर घातलेली नवरी पाहिली आहे का तुम्ही कधी?

परीक्षकांच्या दिवशी नेमकं पाणी आलं. विश्वजीतनं फर्मान काढलं की घरटी दोन बादल्या होडीत ओतायच्या, वर कमळं सोडायची. आठ दिवसांचं पाणी! बायका कुरकुरल्या, पण गल्लीच्या नावाचा प्रश्न होता. बत्तीस बादल्या माझ्या पोटात गेल्या. माझ्या सुकलेल्या फळ्या ढसाढसा पाणी प्यायल्या. आणि फुगू लागल्या. फुगायला जागा कुठं होती? फटीत सिमेंट ताठ उभं. ते तसूभर हलेना. आठ वाजता माझ्या फासळ्या कण्हू लागल्या. दहा वाजता खिळे उपटून बाहेर डोकावले.

अकराला परीक्षक आले. पुढं लीलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी माझ्या काठावर हात ठेवला.

“छान आहे हो. होडीची निगा कशी राखता तुम्ही?”

विश्वजीत हसून म्हणाला, “मॅडम, जिवापाड जपतो आम्ही!”

आता हे मी ऐकून घ्यायचं? आजवर हजारदा खोटं बोललेली मी, पण एवढं मोठं मलाही कधी जमलं नाही. माझ्या डाव्या कुशीची फळी बंदुकीच्या गोळीसारखा आवाज करून फुटली. बत्तीस बादल्या एका दमात बाहेर! लीलाबाईंच्या चपला वाहत थेट स्टेशनाकडं निघाल्या. कमळं नालीत गेली. एक परीक्षक पाण्यात बसला तो बसलाच.

पुढचं फार झोंबतं. गल्ली माझ्यावर उलटली. “आठ दिवसांचं पाणी घालवलं या फुटकीनं!” परवापर्यंत जे माझ्यासाठी भांडत होते, तेच चपला हातात घेऊन मला शिव्या देत होते. विश्वजीतचा चेहरा लाल झाला.

“सडकी होडी! उद्याच आरा मशिनीवर पाठवतो. सरपण तरी होईल.”

कुणीही ‘नको’ म्हणालं नाही. कडूबासुद्धा खाली मान घालून उभा राहिला. बारा वर्षं मिरवलेली गल्ली! सोळा घरं! मित्रांनो, मी फुटले तेव्हा दुखलं नाही, एवढं त्या गप्प बसण्यानं दुखलं.

तेवढ्यात सरूबाई लुगडं खोचून सरळ माझ्या पोटात येऊन बसली. चिखलात.

“चल, मलाबी घाल मशिनीत,” विश्वजीतला म्हणाली. “म्याबी जुनीच हाय.”

“मावशी, बाहेर ये. सडलीय ती.”

“सडलीय?” तिनं फुटक्या फळीचा तुकडा उचलून त्याच्या नाकाशी धरला. “वास घे. साग हाय, अजून ताजा. सडली नाय रे, तहानली व्हती. आन् तहान भागवाया लागली तर तुम्ही तिच्या गळ्यात धोंडा कोंबलेला.” मग ती कडूबाकडं वळली. “भाऊ, तुझ्या बापाची बैलगाडी व्हती ना? उन्हाळ्यात चाक वाळलं, वरची लोखंडी धाव सैल झाली, तर काय करायचा बाप? शिमिट भरायचा?”

कडूबानं वर पाहिलं.

“डोहात टाकायचा,” म्हणाला. “रातभर. सकाळी धाव घट्ट.”

“मंग?”

“इसरलो गं. शहरात येऊन इसरलो.”

तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, “आमच्या दारीबी चाक डोहात टाकायचे.” दुसऱ्यानं मान हलवली. अर्ध्या गल्लीचे आजे-पणजे चाकं भिजवत आले होते. आणि तहान? आठव्या दिवशी पाणी पाहणाऱ्यांना तहान काय असते ते मी सांगायचं? कुणीही मोठं भाषण केलं नाही. कडूबा घरात गेला, छिन्नी-हातोडी घेऊन आला आणि माझ्या फटीतलं सिमेंट स्वतःच्या हातानं उकरू लागला. दोन दिवस उकरत होता. प्रत्येक घावाला मी ओरडत होते, तोही सोबत कण्हत होता. मग पिंजाऱ्याकडून कापूस आणला, सागाची नवी फळी ठोकली, खिळे उपटून काढले. विश्वजीत लांबून बघत होता. मी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. होडीला मान वळवता येत नाही, तरीही.

बक्षीस दुसऱ्या गल्लीला गेलं. त्यांच्याकडं फायबरचा मोर आहे म्हणे. लखलाभ.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. तुमच्या गल्लीत, शाळेत, घरात असं काहीतरी असेलच, ज्याचं नाव तुम्ही छाती फुगवून सांगता. एखादं झाड असेल, विहीर असेल, म्हातारं माणूस असेल. त्याला हार घालता, रंग लावता, त्याच्यासोबत फोटो काढता. एकदा त्याच्याजवळ नुसते बसा. त्याला हात लावा. ते आतून कसं वाजतंय ते ऐका. त्याला काय हवंय ते तुम्ही ठरवू नका. माया करणाऱ्याच्या हातात थापी आली की काय होतं, ते माझ्या कुशीला विचारा.

परवा पाण्याचा दिवस होता. संध्याकाळी घरटी एकेक भांडं माझ्यात रितं झालं. पंधरा झाली. सोळावा विश्वजीत आला. मंडळाचं नाव छापलेली नवी बादली, काठोकाठ, त्यात काचेसारखं स्वच्छ नळाचं पाणी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात मोबाईल.

सरूबाईनं बादलीत डोकावून पाहिलं.

“हे प्यायचं हाय. घरला ने, आईला दे,” म्हणाली. “अन् भात शिजवताना तांदूळ तू धू आज. ते पाणी आण हिला.”

त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि तो बादली घेऊन परत गेला.

तांदूळ धुवायला त्याला बराच वेळ लागला. पण आला.