झाकणावरचं बॉम्बे

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे, मित्रांनो. माझ्या झाकणावर इंग्रजीत 'बॉम्बे' लिहिलेलं आहे आणि ते मी पुसू देणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

रत्नागिरीकडच्या महिपतने मला विकत घेतलं तेव्हा तो गिरगावात गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत गावचे अठरा जण. तिथे ना खाट, ना कपाट. भिंतीला लावलेली आपली ट्रंक, तेवढीच माणसाची जागा. एका रविवारी महिपतने पांढरा रंग आणला आणि पाकिटावरची अक्षरं बघून बघून माझ्यावर आपलं नाव काढलं, खाली 'बॉम्बे'. इंग्रजी त्याला येत नव्हतं. जेवायचं राहिलं, दुपार गेली. खोलीतले हसले.

"हसा," तो म्हणाला. "माझी जागा मी लिवलीय."

बोलताना तो मुंबईच म्हणायचा. कोपऱ्यावरचा पानवाला बंबई म्हणायचा, ऑफिसातले साहेब बॉम्बे. गणपतीला मी एसटीच्या टपावरून गावी जायचे, तेव्हा वाडीतली पोरं त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. काय मिरवले मी तेव्हा!

पुढे महिपतने मीरा रोडला, शांती नगरात घर घेतलं. खरं तर हा ठाणे जिल्हा. पण गावी पत्र जायचं ते 'मुंबईहून'च. आमची माणसं ही चूक अगदी आनंदाने करतात. १९९५ साली कागदोपत्री शहराचं नाव मुंबई झालं, तेव्हा त्याने मजल्यावर पेढे वाटले.

"मग हे पण खरवडा की," त्याची बायको आशा म्हणाली.

"शहराचं नाव बदललं, झ्याक झालं. हे माझं अक्षर आहे."

महिपतला जाऊन सहा वर्षं झाली. माझी रवानगी बाल्कनीत झाली. पोटात जुन्या चादरी, डोक्यावर तुळशीची कुंडी. वाईट वाटलं, का वाटू नये? मग या दिवाळीआधी त्याच्या मुलाने, अमोलने, घर रंगवायला काढलं. कुंडी खाली उतरवून तो पेंटरला म्हणाला, "भैया, ये पेटी भी ग्रे कर दो. वो बॉम्बे-वॉम्बे सब ढक जाना चाहिए."

पेंटरने ब्रश बुडवला आणि पहिला पट्टा थेट माझ्या अक्षरांवर ओढला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. तेवढ्यात आतून आशा आली, तिने तो पट्टा पाहिला आणि सरळ माझ्यावर बसली. ओल्या रंगावर!

"अम्माजी, पेंट गीला है!"

"रहने दो."

अमोल धावत आला. त्याच्या मागून त्याची लेक संजना. "आजी, ते ब्रिटिशांच्या वेळचं नाव आहे. आपलं मुंबई मुंबादेवीवरून आलंय. शाळेत शिकवलंय आम्हाला."

"बरोबर शिकवलंय. साहेब गेला, त्याचं नाव गेलं, चांगलं झालं." मग ती अमोलकडे वळली. "तुझ्या बाबांची पत्रं वाळवीने खाल्ली. त्यांच्या हातचं या घरात आता दुसरं काय राहिलंय? दाखव. दाखवलंस तर उठते."

अमोलने पेंटरला हाताने आत जायची खूण केली. पेंटर डबा उचलून आतल्या खोलीकडे गेला.

आशा उठली तेव्हा निम्मा रंग तिच्या पातळाला लागला होता. उरलेला तिने पदराने टिपला. खालची अक्षरं थोडी मळली, पण सगळी वाचता येत होती.

मित्रांनो, नावं बदलतात, बदलावीतही. फक्त जुनं काही पुसायला घ्याल तेव्हा ते कुणाच्या हातचं आहे, एवढं घरात विचारून घ्या.

ते पातळ धुऊन माझ्यावरच्या दोरीवर वाळत घातलेलं होतं. परवा शेजारच्या बाल्कनीतून सुगंधाकाकू म्हणाल्या, "आशाताई, डाग निघत नसेल तर टाकून द्या ना ते."

"काढायचाच नाहीये. ह्यांच्या अक्षरावरून उचललाय तो," आशा म्हणाली आणि त्याच पातळाची घडी घालून तिने ती माझ्या पोटात, सगळ्यात वर ठेवली.