बाविसाव्या मिनिटाला

वैदेही शाळेत क्लार्क होती आणि रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नामुंजींचे व्हिडिओ बदलून द्यायची. दोन हजार पाच साली रत्नागिरीत हे काम घरी करणारे फार नव्हते. मुंबईहून कोणी सीडी पाठवायचं, ती गावच्या प्लेअरवर लागायची नाही, आणि मग कोणीतरी वैदेहीचं नाव सांगायचं.

भिकाजी तसाच आला. मंडणगडकडच्या एका वाडीतला, साठीला टेकलेला. पहाटेच्या एसटीने निघून अकराच्या सुमाराला दारात उभा होता. शाळेतला शिपाई रामा त्याच्या गावचा, त्यानेच पत्ता दिला होता. पिशवीतून त्याने फडक्यात गुंडाळलेली सीडी काढली.

“पोरीच्या लग्नाची हाय,” तो म्हणाला. “पुतण्या विनोद, त्यानं मुंबईहून पाठवलीन. आमच्या मशीनवर लागत नाय, नुसता निळा पडदा येतो. पुढच्या रविवारी लेक येणार हाय दापोलीहून. तिला आई बघायची हाय.”

वैदेहीने प्रश्नार्थक पाहिलं.

“मालन. माझी बायको. लग्न वैशाखात झालं नि ती श्रावणात गेली. छातीत कळ आली, डॉक्टरपर्यंत पोचलो नाय. फोटो हायत, पण चालती-बोलती ह्यातच.”

वैदेहीने सीडी लावून पाहिली. “फाईल चांगली आहे, काका. तुमच्या मशीनला ती वाचता येत नाही एवढंच. त्याला कळेल अशी करून देते. दोन तास लागतील.”

भिकाजी पडवीत बसला. चहा घेतला, पोह्यांना आधी नको म्हणाला, मग खाल्ले.

बदललेल्या फाईलमध्ये एक खोड हमखास असायची. ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. म्हणून काम झालं की कोणी जवळून बोलत असेल ती जागा शोधून वैदेही हेडफोन लावून तपासायची. बाविसाव्या मिनिटाला तिला मालन सापडली. मागील दारी चुलीपाशी उभी, पदराला हात पुसत, शेजारी उभ्या बाईला हळू आवाजात सांगत होती:

“महिना झाला, छातीत दुखतंय गो. हंडा उचलला की दम लागतो. ह्यांना बोलू नको हां. कळलं तर लग्न पुढं ढकलतील. पोरीचं होऊन जाऊ दे.” मग कॅमेऱ्याकडे लक्ष जाऊन ती हसली. “अरे विनोद, माझं काय काढतोस, नवरीचं काढ.”

ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळले होते.

वैदेहीने हेडफोन काढून ठेवले. हा माणूस बायकोचा आवाज ऐकायला एवढ्या लांबून आलाय, आणि रविवारी सगळ्या वाडीसमोर टीव्हीवर हे ऐकू येणार. तेवढा आवाज पुसणं दोन मिनिटांचं काम होतं, कोणाला पत्ताही लागला नसता. याआधी तिने व्हिडिओतली भांडणं काढली होती, झिंगलेले पाहुणे काढले होते. पण ते त्या त्या घरच्यांनी सांगितलं म्हणून. इथे तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

“काका, जरा आत या,” ती म्हणाली. “काकू यात काही बोलल्यात. ते तुम्ही आधी एकट्याने ऐका.”

हेडफोन त्याच्या कानावर ठेवून, व्हिडिओ सुरू करून ती स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा पडद्यावर पंगत बसली होती आणि भिकाजी तसाच होता.

“परत लावा,” तो म्हणाला.

दुसऱ्यांदा ऐकून त्याने दोन्ही हातांनी हेडफोन उतरवले.

“ती बाजूची चिमा. मालनची बहीण. चार महिने नजरेला नजर देत नाय. मी म्हणायचो, हिला झालंय काय.”

“काढून टाकू का तेवढं?” वैदेहीने विचारलं.

भिकाजीने हेडफोन टेबलावर ठेवले. “मी ऐकलं ते बरं झालं. पण पोरीनं, ज्ञानेश्वरीनं ऐकता नये. माझ्या लग्नापायी आई गेली म्हणेल. जन्मभर म्हणेल. तेवढं मुकं करा. हसते ते ठेवा.”

“आणि ही मूळची सीडी? तिच्यात आवाज राहणारच.”

“ती माझ्याजवळ राहू दे. विनोदशी मी बोलतो.”

वैदेहीने तेवढी वाक्यं मुकी केली आणि फाईल पुन्हा बदलायला लावली. चारला वीज जायच्या आत नवी सीडी तयार झाली. निघताना भिकाजी चप्पल घालून पायरीवर थांबला. “उद्या चिमाकडं जाऊन येतो,” म्हणाला आणि स्टँडकडे चालू लागला.

पंधरा दिवसांनी ज्ञानेश्वरीचा फोन आला. सीडी छान झाली होती. “फक्त ताई, आई मागील दारी मावशीशी बोलते ना, तिथं आवाज जातो. असं का झालं?”

आपल्या कामात खोट राहिलेली वैदेहीला खपत नसे. मूळ फाईलच तशी होती, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण मग ही विनोदला विचारणार.

“ते माझ्याकडून झालं,” ती म्हणाली. “बदलताना तेवढा आवाज गेला, आता तो परत यायचा नाही.”

“काय म्हणत असेल आई?”

“पंगतीचंच काहीतरी असेल.”

“मावशीपण तेच म्हणाली. ती नि बाबा शेजारी बसून बघत होते. किती महिन्यांनी ती आमच्या घरी आली. आई हसते तिथं बाबांनी चारदा मागं करून लावायला सांगितलं.”