मुशीच्या तेलाची गाडी

दयाराम तांडेलाच्या निळ्या गाडीला माशाचा वास येतो, ही खबर मुरुडपासून अलिबागपर्यंत पोचली होती. त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षं होडी हाकलेल्या माणसाने गाडी घेतली, तेव्हा खाऱ्या हवेत पत्रा कसा टिकवायचा हे कुणाला विचारलंच नाही. होडीला लावतात तेच मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल दर वैशाखात गाडीच्या पोटाला फासलं. कोकिळा, त्याची बायको, तेलाचा डबा धरून बसायची आणि नाकाला पदर लावून नवऱ्याच्या अकलेचे वाभाडे काढायची.

कोकिळेला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. डोळ्यांपायी दयारामचं गाडी चालवणंही सुटलं होतं. मुंबईचा मुलगा रितेश फोनवर म्हणाला, "भंगारात घाला, बाबा. चौदा वर्षांच्या गाडीला कोण विचारतंय?" म्हातारा पेटलाच. नव्वद हजार, त्याखाली एक रुपया नाही! पैसे घेऊन त्याला कुठे माडी बांधायची होती? पण जिवापाड जपलेल्या वस्तूला भंगार म्हणायचं म्हणजे काय!

गिऱ्हाइकं येत. एसी मेलाय, डावं दार चेपलंय, दुसरा गिअर रुसतो, हे दयाराम न विचारता सांगून टाकी. मग वास येई आणि माणसं नाक मुरडत. कुणी चाळीस म्हणे, कुणी पस्तीस. दयाराम ताडकन नाही म्हणे आणि लगेच चहाचं आधण ठेवी. खरं सांगायचं तर दोन वर्षांत त्याच्या ओटीवर एवढी माणसं बसली नव्हती. कुणी यायचं असलं की तो सकाळीच दाढी करी.

एका बुधवारी नदीम आला. पोरगा मुरुडचाच, बापाच्या दोन होड्या, स्वतःचं बाजारात छोटं दुकान. त्याने गोणपाट अंथरलं, सरळ गाडीखाली शिरला आणि पान्याने पत्रा ठोकून पाहिला.

"चाचा, खालून तर नवीच हाय! मुशीचं तेल ना?"

"व्हय. दर वर्साला."

"आमचे अब्बा पण होडीला हेच लावतात. नव्वद बरोबर हाय. घेतली."

दयारामची मेहनत पहिल्यांदाच कुणीतरी ओळखली होती. पण गाडी गेली की उद्यापासून इथे कोण येणार, हेही त्याच क्षणी त्याला कळलं.

"पंच्याऐंशीच दे," तो घाईघाईने म्हणाला.

नदीम हसला. "उलटा भाव करताय?"

"पाच हजार सोडले. पन वैशाखात गाडी हितं आनायची. तेल मी लावीन. दिसभर ऱ्हा, माज्याकडं जेव."

पोरगा सरळ मनाचा. म्हाताऱ्याचं नुकसान करायला त्याचं मन धजेना. "न्हाय चाचा. वाजवी हाय ते पूर्ण घ्या. तेलाची फिकीर नको. अब्बांची माणसं होड्यांसोबत गाडीलाही फासतील."

त्याने पूर्ण नव्वद हजार दिले, कागदांवर सह्या घेतल्या आणि दुकान उघडायचंय म्हणून चहा न घेताच गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी रेवदंड्याहून कुणाचा तरी फोन आला. "निळी गाडी आहे का अजून? उद्या बघायला येऊ?"

दयाराम रिकाम्या अंगणाकडे बघत उभा होता.

"हाय की," तो म्हणाला. "सकाळीच या."